ना लाडकी, ना सावत्र : स्वीडनच्या ‘लोकांच्या घरा’चं प्रकरण

१८ जानेवारी १९२८. स्टॉकहोममध्ये संसदेच्या दुसऱ्या सभागृहात अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा चालू होती. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष विरोधी बाकांवर होता आणि त्याचे नेते पेर आल्बिन हान्सन बोलायला उभे राहिले. सणासमारंभाला, आणि कधी कधी एरवीही, आपण समाजाला सगळ्यांचं सामाईक घर म्हणतो, अशी त्यांनी सुरुवात केली. त्यांनी वापरलेला शब्द होता ‘फोल्कहेम’, म्हणजे लोकांचं घर. मग चांगलं घर कसं असतं ते त्यांनी सांगितलं. त्याचा पाया म्हणजे आपलेपणा आणि एकमेकांबद्दलची आस्था. तिथे कोणाला खास मान नसतो आणि कोणाला मागे ढकललेलं नसतं. लाडकी मुलं नसतात, सावत्रही नसतात. कोणी कोणाला तुच्छ लेखत नाही, दांडगा दुबळ्याला लुबाडत नाही. एवढं सांगून झाल्यावर ते म्हणाले की स्वीडनचा समाज अजून असं चांगलं घर झालेला नाही.

एका परिच्छेदात मावणाऱ्या या मजकुरानं एका देशाला स्वतःबद्दल बोलायची भाषा दिली आणि ती अजून चालू आहे. राजकारणातली रूपकं राष्ट्राची ओळख कशी घडवतात, हे तपासायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण ठाऊक नाही. याचं कारण असं की इथे रूपक कोणी आणलं, केव्हा आणलं, त्याआधी ते कोणाकडे होतं आणि नंतर कोणाच्या हाती गेलं, हे सगळं डोळ्यांसमोर आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घराचं रूपक घेतलं की घराबरोबर येणारं सगळंच मागोमाग येतं. भावंडांमधली समता हवी म्हणून ते आणलं, तरी त्याच्या पाठोपाठ कर्ता माणूस येतो, मुलांना लावायचं वळण येतं, दार आणि उंबरठा येतो, आणि उंबरठ्यापाशी उभा असलेला पाहुणाही येतो. हान्सन बोलले ते यांतल्या एकाच गोष्टीबद्दल. बाकीच्या न बोललेल्या गोष्टी पुढे कायद्यांत, सरकारी योजनांत आणि सीमेवरच्या तपासणीत उतरल्या. स्वीडिश माणसाची ‘आम्ही कोण’ ही कल्पना बोललेल्या भागानं जितकी घडली, तितकीच न बोललेल्या भागानं घडली.

घर सोडून जाणारा देश

भाषणाआधीचा स्वीडन समजून घेतल्याशिवाय ‘घर’ हा शब्द तिथे इतका का लागला, हे कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा-तेरा लाख स्वीडिश माणसं देश सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. १९०० च्या सुमाराला देशाची सगळी लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास होती, म्हणजे गळती केवढी मोठी असेल ते पाहा. राज्यकर्ते हादरले. १९०७ मध्ये सरकारनं स्थलांतराची कारणं शोधायला मोठी चौकशी बसवली. त्याआधीच, १९०४ मध्ये, गरीब कुटुंबांना स्वतःचं छोटं घर आणि जमीन घेता यावी म्हणून सरकारी कर्ज सुरू झालं होतं. ज्याला इथे घर आहे तो देश सोडणार नाही, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे हान्सन यांच्या आधी वीस-पंचवीस वर्षं घर हा राजकारणाचा विषय झालेला होता, आणि तो प्रामुख्यानं उजव्यांचा विषय होता.

‘फोल्कहेम’ हा शब्दही त्यांचाच. ‘भूराजकारण’ ही संज्ञा ज्यांनी घडवली, ते पुराणमतवादी राज्यशास्त्रज्ञ रूडॉल्फ शेलेन यांनी तो राष्ट्रासाठी वापरला होता. शेलेन यांच्या विचारात राष्ट्र म्हणजे एक जिवंत देह. देहाचे अवयव आपापल्या जागी राहिले की देह सुदृढ राहतो, आणि अवयवांनी आपसांत भांडायचं नसतं.

दुसऱ्या बाजूला कामगार चळवळीची भाषा होती वर्गाची. तिलाही भक्कम आधार होता. एकोणिसाव्या शतकात स्थानिक निवडणुकीत मतं संपत्तीच्या प्रमाणात मिळत, आणि काही गावांत एकट्या माणसाच्या हाती निम्म्याहून जास्त मतं असत. १९०९ च्या सार्वत्रिक संपात सुमारे तीन लाख कामगार उतरले आणि हरले. स्त्रियांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं ते १९२१ मध्ये. अशा देशात ‘आपण सगळे एका घरचे’ असं म्हणणं कामगाराच्या कानाला मालकाच्या बोलण्यासारखं लागणारच.

भाषणाची वीण

हान्सन यांनी काय केलं ते नीट पाहायला हवं. उजव्यांचा शब्द त्यांनी नाकारला नाही आणि आहे तसा घेतलाही नाही. सणासमारंभाला तुम्ही जे म्हणता ते खरं धरून चालू, असा पवित्रा त्यांनी घेतला. घर म्हणता ना, मग घरासारखं वागा. समारंभाच्या भाषणातला गुळगुळीत शब्द त्यांनी मोजपट्टीसारखा वापरला आणि त्या पट्टीनं देश मोजून दाखवला.

मोजताना ते अगदी जमिनीवर आले. काही जण राजवाड्यात राहतात आणि अनेकांना कडाक्याच्या हिवाळ्यातही भाजीपाल्याच्या वाफ्यांवरच्या लाकडी खोपट्यात राहायला मिळालं तरी नशीब वाटतं. काही जण चैनीत लोळतात आणि अनेकांना भाकरीच्या तुकड्यासाठी दारोदार फिरावं लागतं. राजकीय हक्कांत समता आली आहे, पण आर्थिक बाबतीत मूठभरांची हुकूमशाही चालू आहे, असंही ते म्हणाले. म्हणजे वर्गाची भाषा त्यांनी सोडलेली नव्हती. ती घराच्या भाषेत आणून बसवली होती. ज्या राष्ट्राला घर म्हणायचं, त्यातली माणसं दारोदार फिरतात, ही विसंगती ऐकणाऱ्याला कोणतंही पुस्तक न वाचता कळते. हान्सन स्वतः माल्मोजवळच्या एका गवंड्याचे चिरंजीव. शाळा जेमतेम चार वर्षांची. त्यांना सिद्धांत येत नव्हता असं नाही, पण सिद्धांत कोणत्या शब्दांत सांगितला की स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, याची जाण त्यांना होती.

यातली सगळ्यात हुशार निवड मला ‘चांगलं’ या साध्या विशेषणाची वाटते. नुसत्या ‘घर’ शब्दानं काहीच सिद्ध होत नाही. घरात लाडकी मुलं असतात, सावत्रपण असतं, मार असतो, वाटणीची भांडणं असतात, हे प्रत्येकाला माहीत असतं. हान्सन यांनी ती बाजू लपवली नाही. घर कसं नसावं याचा नमुना म्हणून ती पुढे ठेवली. त्यामुळे देशाभिमान आणि देशावरची टीका एकाच वाक्यात बसू लागले. आपण चांगलं घर आहोत असं नाही. आपल्याला व्हायचं आहे. राष्ट्राची ओळख त्यांनी भूतकाळातल्या रक्तावर आणि पराक्रमावर न बांधता अपुऱ्या राहिलेल्या कामावर बांधली. १९२८ च्या युरोपात ही फार दुर्मीळ गोष्ट होती. तेव्हा दुसरीकडे रक्त, माती आणि देह यांच्याच रूपकांना बहर आला होता.

पण भाषणात एक जागा रिकामी आहे. भावंडं आहेत, आईवडील नाहीत. हे घर चालवतं कोण, नियम कोण ठरवतं, ऐकलं नाही तर काय होतं, यावर एक शब्द नाही. घराला बाहेर असतं आणि घरात कोणाला घ्यायचं हे कोणीतरी ठरवतं, हेही नाही. तेव्हा कोणाला ते खटकलं असण्याचं कारण नव्हतं. देशातून माणसं बाहेर जात होती. आत यायला कोणी फारसं रांगेत नव्हतं.

हरलेलं रूपक

रूपकांची ताकद सांगणारे लेख सहसा पुढची गोष्ट सांगत नाहीत. त्याच वर्षी, सप्टेंबर १९२८ मध्ये, निवडणूक झाली आणि हान्सन यांचा पक्ष आपटला. १०४ जागांवरून ९० वर आला. ही निवडणूक स्वीडनच्या इतिहासात ‘कोसॅक निवडणूक’ म्हणून ओळखली जाते, कारण उजव्यांच्या भित्तिपत्रकांवर रशियन कोसॅक घोडेस्वार होते. कम्युनिस्टांशी हातमिळवणी केलेल्या या पक्षाला मत म्हणजे मॉस्कोला मत, हा एक प्रचार. दुसरा जास्त लक्षात घेण्यासारखा होता : यांना मत म्हणजे कुटुंबाची नाती तोडण्याला, मुलं बिघडवण्याला आणि नीतिमत्ता बुडवण्याला मत. हान्सन यांनी राष्ट्राला घर म्हटलं. विरोधकांनी उत्तर दिलं की हेच तुमचं खरं घर मोडायला आलेत. एकाच प्रतिमेच्या दोन टोकांना दोघं ओढत होते आणि त्या फेरीत भीती जिंकली.

तेव्हा भाषण झालं आणि देश बदलला, असं काही झालेलं नाही. बदल घडवला तो पुढच्या पाच वर्षांतल्या घटनांनी. मंदी आली. मे १९३१ मध्ये उत्तरेकडच्या ओदालेन खोऱ्यात संपकऱ्यांच्या मोर्चावर लष्करानं गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. १९३२ ची निवडणूक हान्सन यांनी जिंकली, आणि १९३३ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या पक्षाशी तडजोड केली : शेतमालाला संरक्षण, त्या बदल्यात बेकारांना बाजारभावाच्या मजुरीची सरकारी कामं. वर्गाच्या भाषेत ही तडजोड समजावून सांगणं अवघड होतं, कारण कामगाराला लोणी महाग पडणार होतं. घराच्या भाषेत सोपं होतं. एका भावाच्या ताटात थोडं कमी पडलं तरी दुसरा उपाशी झोपू नये. रूपकाचा खरा उपयोग इथे झाला. आधी बांधून ठेवलेली भाषा गरज पडली तेव्हा हाताशी होती.

विटा, भत्ता, भाडं

पुढची चार दशकं या रूपकाला अक्षरशः विटा लागल्या. १९३५ पासून तीन किंवा अधिक मुलं असलेल्या गरीब कुटुंबांसाठी सरकारी मदतीनं वेगळ्या इमारती बांधल्या गेल्या. १९३८ मध्ये साल्टशोबादेन इथे कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यात मूलभूत करार झाला. १९४८ पासून प्रत्येक मुलामागे वर्षाला २६० क्रोनरचा बालभत्ता सुरू झाला; तो उत्पन्न न पाहता सगळ्यांना मिळे आणि आईच्या हाती पडे. गिरणीतल्या कामगाराच्या मुलाला आणि बँकेच्या संचालकाच्या मुलाला सारखाच. ‘लाडकं नाही, सावत्र नाही’ हे वाक्य याहून सरळ कोणत्या नियमात उतरवता आलं असतं, मला सुचत नाही. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत तर सुमारे दहा लाख घरं बांधली गेली, ऐंशी लाख वस्तीच्या देशात. हान्सन पंतप्रधान असताना स्वतः स्टॉकहोमच्या ओल्स्टेन भागात एका साध्या, एकाला एक लागून असलेल्या रांगेतल्या घरात राहत आणि ट्रामनं ये-जा करत. १९४६ मध्ये त्यांचं निधन झालं तेही ट्रामच्या थांब्यावर उतरताना.

आता एक आक्षेप, जो घ्यायलाच हवा. हे सगळं रूपकामुळे झालं का? नाही. डेन्मार्कनं शेतकरी आणि कामगारांमधली अशीच तडजोड जानेवारी १९३३ मध्ये, स्वीडनच्याही आधी केली. नॉर्वेनं १९३५ मध्ये. दोघांनीही कल्याणकारी राज्य उभारलं, आणि त्यासाठी त्यांना हान्सन यांच्या भाषणाची गरज पडली नाही. योजना शब्दावाचूनही आल्या असत्या. शब्दानं जे केलं ते वेगळं आहे : योजना कोणाच्या आहेत हे त्यानं ठरवलं. पेन्शन, भत्ता, भाड्याचं घर या गोष्टी सरकारनं दिलेल्या सवलती न राहता ‘आपण स्वीडिश लोक असे आहोत’ याचा पुरावा झाल्या. १९३२ पासून १९७६ पर्यंत, १९३६ चा एक उन्हाळा सोडला तर, एकाच पक्षाचे पंतप्रधान राहिले. या काळात पक्षाचं रूपक आणि देशाचं स्वतःबद्दलचं चित्र यांच्यातली शिवण दिसेनाशी झाली. उजव्या पक्षांनाही पुढे बोलायचं झालं तर याच घराच्या आत उभं राहून बोलावं लागे.

कर्ता माणूस आणि वळण

भाषणातल्या रिकाम्या जागेकडे आता वळू. घर चालवणारं कोणीतरी लागतं, आणि ती जागा राज्यसंस्थेनं घेतली. आल्वा आणि गुन्नार मिर्डाल या दांपत्यानं १९३४ मध्ये लोकसंख्येच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं आणि देशभर खळबळ उडवली. स्वीडनचा जन्मदर तेव्हा जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी होता. मुलं हवी असतील तर ती वाढवण्याचा भार समाजानं उचलला पाहिजे, हे त्यांचं सूत्र, आणि वर उल्लेखलेल्या कितीतरी चांगल्या योजना त्यातून आल्या. पण मुलं वाढवण्याचा भार जो उचलतो, तो मुलं कशी असावीत हेही सांगू लागतो.

त्याच १९३४ मध्ये नसबंदीचा कायदा मंजूर झाला आणि १९३५ पासून लागू झाला. ज्यांना संमती देण्यास अक्षम ठरवलं, त्यांच्यावर संमतीशिवाय शस्त्रक्रिया करायला त्यानं परवानगी दिली. १९४१ मध्ये तो आणखी रुंदावला. ‘समाजविघातक जीवनक्रम’ हेही कारण त्यात आलं. १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. सगळ्याच सक्तीच्या नव्हत्या. पुष्कळ जणींनी स्वतःहून अर्ज केले. पण मनोरुग्णालयासारख्या संस्थेतून सुटका हवी असेल, गर्भपाताची परवानगी हवी असेल, तर आधी या कागदावर सही, असा दबाव अनेकींवर आला. कागदावर संमती होती, पण निवड नव्हती.

वंश आणि आनुवंशिकतेबद्दलच्या त्या काळच्या कल्पना साऱ्या पाश्चात्त्य जगात होत्या. डेन्मार्कचा असाच कायदा १९२९ चा, अमेरिकेतल्या कित्येक राज्यांचे त्याहून जुने. उप्सालाची सरकारी वंशजीवशास्त्र संस्था १९२२ ची, म्हणजे हान्सन यांच्या भाषणाच्या आधीची. तेव्हा हे पाप एका रूपकाच्या माथी मारणं चूक होईल. माझा मुद्दा मर्यादित आहे, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. वर्गाच्या भाषेत राज्यसंस्था ही संशयाची वस्तू होती : ती कोणाच्या बाजूची आहे हे विचारायचं असतं. घराच्या भाषेत ती वडीलधारी झाली. वडीलधाऱ्यांच्या हेतूवर संशय घेणं हे घरात उद्धटपणाचं ठरतं. ज्या बाईला वैद्यकीय मंडळानं ‘हे तुझ्याच भल्याचं आहे’ म्हणून सांगितलं, तिच्यापाशी विरोध करायला शब्दच उरले नाहीत, कारण ती भाषा काळजीची होती. जर्मनीतली देहाची आणि रोगाची रूपकं ऐकूनच अंगावर काटा येतो. घराचं रूपक अंगावर काटा आणत नाही, आणि म्हणून त्याच्या आडचं दिसायला उशीर लागला.

किती उशीर, तर १९९७ पर्यंत. त्या वर्षी ‘दागेन्स न्यूहेतेर’ या दैनिकातल्या लेखमालेनं हा विषय देशासमोर आणला. इतिहासकारांना तो ठाऊक होता, पण देशाच्या स्वतःबद्दलच्या गोष्टीत त्याला जागा नव्हती. सरकारनं चौकशी नेमली आणि १९९९ च्या कायद्यानं सक्ती झालेल्यांना प्रत्येकी १,७५,००० क्रोनर भरपाई देऊ केली.

उंबरठा

घरातल्यांवर हे, तर उंबरठ्यावरच्यांचं काय? उत्तरेकडच्या सामी लोकांची हकीकत या प्रकरणात सर्वांत बोलकी आहे. १९१३ च्या शाळाविषयक कायद्यानं रेनडियर पाळणाऱ्या भटक्या सामी कुटुंबांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठरवल्या. लहान मुलांच्या त्या शाळा त्यांच्या पारंपरिक झोपड्यांसारख्या खोपटात भरवायच्या होत्या. कारण काय दिलं, तर पक्क्या घराची सवय लागली तर ही मुलं मऊ पडतील आणि रेनडियरमागे जाणार नाहीत. जो देश घराला राष्ट्राचं प्रतीक करायला निघाला होता, त्यानंच काही मुलांना घराची सवय लागू नये म्हणून सरकारी व्यवस्था केली. आणि ही व्यवस्था हान्सन यांच्या भाषणानंतरही पुष्कळ वर्षं चालू राहिली. सावत्र मुलं नसतात, असं म्हणणाऱ्या घरात ही मुलं मुलांच्या यादीतच नव्हती.

रोमा लोकांना देशात यायला १९१४ ते १९५४ अशी चाळीस वर्षं बंदी होती. १९३८ मध्ये स्वित्झर्लंड आणि स्वीडन यांच्या आग्रहानंतर जर्मनीनं ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ छापायला सुरुवात केली, म्हणजे सीमेवरच त्यांना ओळखून परत लावता यावं. याच स्वीडननं ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कमधून होड्यांनी आलेल्या सात हजारांहून अधिक ज्यूंना आसरा दिला. पाच वर्षांत तेच घर, तेच दार. मधल्या काळात युद्धाचं पारडं फिरलं होतं आणि शेजारच्या घराला आग लागलेली दिसत होती. रूपकानं दोन्ही वेळा काही अडवलं नाही, कारण दाराबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नव्हतं.

हे घर कोणाचं

युद्धानंतर माणसांचा ओघ उलटा झाला. कारखान्यांना हात हवे होते. फिनलंड, युगोस्लाव्हिया, ग्रीस, तुर्कस्तान इथून लोक आले. स्वीडननं तेव्हा जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. १९७५ मध्ये संसदेनं नवं धोरण ठरवलं, त्याची तीन सूत्रं होती : समता, निवडीचं स्वातंत्र्य, सहकार्य. १९७६ पासून तीन वर्षं देशात राहिलेल्या परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क मिळाला. घराच्या भाषेत सांगायचं तर पाहुण्याला घरच्या बैठकीत बोलायचा अधिकार दिला गेला, आडनाव बदलायला न लावता. हान्सन यांच्या भाषणातला ‘नागरिकांचं घर’ हा दुसरा शब्द, जो पहिल्या शब्दाच्या सावलीत राहिला होता, तो इथे कायद्यानं ओलांडला गेला, तोही रुंदावण्याच्या दिशेनं.

पण ‘फोल्क’ म्हणजे लोक या शब्दात दोन अर्थ कायम राहतात : इथे राहणारे सगळे, आणि मूळचे इथले. सोशल डेमोक्रॅट नेत्यांनी मधल्या काळात हा शब्द हळूहळू मागे टाकला. टागे एर्लान्डर ‘मजबूत समाज’ म्हणू लागले. योरान पेर्शॉन यांनी १९९६ मध्ये ‘हिरवं फोल्कहेम’ म्हणून त्याला पर्यावरणाची नवी पालवी फोडायचा प्रयत्न केला. दरम्यान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, अतिउजव्या मुळांच्या स्वीडन डेमोक्रॅट्स या पक्षानं तो शब्द उचलला. त्यांच्या बोलण्यात फोल्कहेम भूतकाळात आहे. ते घर एकदा होतं, सुरक्षित होतं, आणि बाहेरच्यांमुळे मोडलं. हान्सन यांचं ‘अजून झालेलं नाही’ गेलं आणि ‘आता राहिलेलं नाही’ आलं. क्रियापदाचा काळ बदलला आणि त्याबरोबर रूपकाचा सगळा रोख फिरला. पहिल्या रूपात घर अपुरं राहण्याचं कारण घरातली विषमता होती. दुसऱ्यात घर बिघडण्याचं कारण पाहुणे आहेत. २०१० मध्ये ५.७ टक्के मतांनी संसदेत शिरलेला हा पक्ष २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर पोचला. यामागे गुन्हेगारी, वस्त्यांचं विभाजन, इतर पक्षांची गप्प बसण्याची सवय अशी पुष्कळ कारणं आहेत. तरी एवढं म्हणता येतं की जे रूपक निर्मात्यांनी माळ्यावर टाकलं, ते दुसऱ्यांना आयतं मिळालं, ऐंशी वर्षांच्या जिव्हाळ्यासकट.

२०१४-१५ मध्ये हा झगडा किती झपाट्यानं भाषेत उतरला, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये उजव्या-मध्यम आघाडीचे पंतप्रधान फ्रेड्रिक राइनफेल्ट यांनी निवडणुकीच्या भाषणात लोकांना निर्वासितांसाठी हृदयं उघडी ठेवण्याचं आवाहन केलं. ६ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांच्यानंतरचे सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान स्टेफान ल्योव्हेन स्टॉकहोमच्या मेदबोर्गारप्लात्सेन या चौकात म्हणाले की माझा युरोप भिंती बांधत नाही. २४ नोव्हेंबरला त्याच ल्योव्हेन यांनी आश्रयाचे नियम युरोपच्या किमान पातळीवर आणण्याची घोषणा केली आणि त्यासाठी शब्द वापरला ‘श्वास घ्यायला उसंत’. शेजारी उभ्या असलेल्या उपपंतप्रधान ओसा रुमसॉन यांना ते सांगताना रडू आवरलं नाही. त्या वर्षी १,६२,८७७ लोकांनी आश्रय मागितला होता. जानेवारी २०१६ पासून डेन्मार्कहून येणाऱ्या प्रवाशांची ओळखपत्रं तपासली जाऊ लागली.

हृदय, भिंत, श्वास. तीन वेगळी रूपकं वाटतात, पण तिन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरतात, ज्याबद्दल १९२८ चं भाषण गप्प होतं. ‘उसंत’ हा शब्द मला यांत सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. भिंत म्हटलं की ती बांधणारा कोणीतरी असतो आणि त्याला जाब विचारता येतो. धाप लागलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. राष्ट्र घर होतं ते एका दिवसात देह झालं, शेलेन यांच्या जुन्या कल्पनेच्या अगदी जवळ, आणि हे करणारा पक्ष हान्सन यांचाच होता. ल्योव्हेन यांच्यापुढची प्रशासकीय अडचण खरी होती; नगरपालिकांकडे झोपायला जागा उरली नव्हती. पण ती अडचण ‘जागा नाही’ अशी न सांगता ‘श्वास लागला’ अशी सांगितली गेली, आणि तात्पुरते म्हणून आलेले कडक नियम पुढे कायमचे झाले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या उजव्या सरकारचा पाया म्हणून चार पक्षांनी तिदो करार केला. स्वीडन डेमोक्रॅट्स त्या सरकारात गेले नाहीत, पण करारात होते. त्यात एक तरतूद अशी आहे की परदेशी माणसाची ‘वागणूक’ सदोष ठरली तर गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही त्याचा राहण्याचा परवाना काढून घेता यावा. नागरिकाला कायदा मोडल्याशिवाय राज्यसंस्था काही करू शकत नाही. पाहुण्याला मात्र वळणात राहावं लागतं. १९७६ मध्ये ज्यांना गावाच्या कारभारात मत मिळालं, त्याच वर्गातल्या माणसांना आता चालीरीतीची परीक्षा द्यावी लागणार आहे. या तरतुदीला विरोध करणारे आज हान्सन यांचंच सावत्र मुलांचं वाक्य काढतात. समर्थक विचारतात की ते वाक्य घरातल्या मुलांबद्दल होतं ना? भाषणाचा मजकूर दोघांच्याही हातात आहे, आणि मुलं कोणाला म्हणायचं हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही.